रसायन टिकतं किती, साठतं कुठे, बाधतं कोणाला? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती आणि पाण्याविषयी बोलायला जालना, परभणी, बीडकडच्या गावांत गेलं की सभा संपल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. कुणी औषधाची रिकामी बाटली घेऊन येतं, कुणी विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल, तर कुणी कॉलेजातल्या मुलीचा प्रकल्प. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांची उत्तरं लांबली आहेत, ती मुद्दामच लांब ठेवली आहेत.

पीबीटी म्हणजे काय?

ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. पी म्हणजे चिवटपणा: रसायन माती-पाण्यात लवकर तुटत नाही. बी म्हणजे जैवसंचय: ते जिवाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठतं. टी म्हणजे विषारीपणा. हे तिन्ही गुण एकाच रसायनात असले तर ते पीबीटी ठरतं. पहिले दोन गुण फारच टोकाचे असतील, तर तिसरा सिद्ध होण्याची वाट न पाहता त्याला ‘अतिचिवट आणि अतिसंचयी’ अशा वेगळ्या वर्गात टाकतात. विष सिद्ध झालेलं नसताना एवढी घाई का? अंगात साठत जाणारं आणि तुटत नसलेलं रसायन वीस वर्षांनी बाधक निघालं, तर तोवर पसरलेलं परत गोळा करण्याची कोणतीच सोय नसते.

विषारी आहे की नाही एवढं पाहून भागत नाही का?

नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारताना माणसाला विषबाधा होते, ती काही तासांत दिसते आणि दवाखान्यात कळते. डीडीटीचं तसं नव्हतं. लोकांनी ते हाताने कालवलं, भिंतीवर मारलं आणि त्यांना लगेच काही झालं नाही. म्हणून ते सुरक्षित वाटलं. त्याची खरी हानी पुढे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांत दिसली. डीडीटीपासून तयार होणाऱ्या डीडीई या घटकामुळे कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडी फुटू लागली. बाटलीवरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण तुम्हाला आजच्या विषबाधेबद्दल सांगतो. पुढच्या पंधरा वर्षांबद्दल तो काही बोलत नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होणाऱ्यांना मी हे दर वेळी सांगतो.

अर्धायुष्य म्हणजे काय? दर साली मारलं तर जमिनीत किती साचतं?

रसायनाचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. अर्धायुष्य १२० दिवसांचं असेल, तर वर्षभरात साधारण तीन वेळा निम्मं होऊन आठवा हिस्सा उरतो. आता हाच काळ एक वर्षाचा धरा आणि दर मृगाला एक लिटर टाका. पुढच्या मृगाला अर्धा लिटर शिल्लक असतो, त्यात नवा एक लिटर पडतो. असं करत करत काही वर्षांनी प्रत्येक फवारणीनंतर जमिनीत जवळपास दोन लिटर असतं आणि ते तिथेच स्थिरावतं. अर्धायुष्य तीन वर्षांचं असेल, तर हा साठा पाच लिटरच्या जवळ जातो. शेतकरी दर साली टाकतो एकच लिटर, पण जमिनीतले गांडूळ जगतात पाच लिटरच्या हिशेबात.

हे गणित कागदावरचं आहे. प्रत्यक्षात तुटण्याचा वेग महिन्यागणिक बदलतो, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

नेमके निकष कोणते?

सर्वांत तपशीलवार निकष युरोपीय संघाच्या ‘रीच’ या कायद्यात आहेत, आणि जगभर बरेच जण त्यांचा आधार घेतात. गोड्या पाण्यात अर्धायुष्य ४० दिवसांपेक्षा जास्त, समुद्राच्या पाण्यात ६० पेक्षा जास्त, गोड्या पाण्याच्या तळगाळात किंवा मातीत १२० पेक्षा जास्त, समुद्राच्या तळगाळात १८० पेक्षा जास्त: यांपैकी एकही लागू पडलं तरी रसायन चिवट. पाण्यात ६० आणि माती-गाळात १८० दिवस ओलांडले तर अतिचिवट. माशाच्या अंगातलं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या २००० पटींहून जास्त असेल तर संचयी, ५००० पटींहून जास्त असेल तर अतिसंचयी. जलचरांवर दीर्घकाळ परिणाम न दिसणारं प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर विषारी. त्याशिवाय कर्करोग, आनुवंशिक बिघाड, प्रजननावरचा परिणाम किंवा वारंवार संपर्काने अवयवांना होणारी गंभीर इजा, यांच्या ठरावीक वर्गांत बसणारं रसायनही विषारीच धरलं जातं.

चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार जागतिक आहे, त्यामुळे त्याची चाळणी जरा वेगळी आहे: पाण्यात दोन महिने, माती-गाळात सहा महिने, संचय ५००० पट. त्यात एक चौथी अटही आहे. रसायन दूरवर प्रवास करतं का? हवेत त्याचं अर्धायुष्य दोन दिवसांपेक्षा जास्त असेल, तर ते इथून उडून पार ध्रुवाकडे पोहोचू शकतं.

हे आकडे थंड देशातले. आमच्या काळ्या जमिनीला लागू पडतात का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने स्वतःच्या जमिनीकडे नीट पाहिलेलं असतं.

आधी तापमान पाहू. युरोपात चिवटपणाचं अर्धायुष्य १२ अंश सेल्सिअसवर मोजलेलं किंवा तिथे आणलेलं धरतात. मातीतली प्रयोगशाळेतली चाचणी बहुधा २० अंशांवर होते. तिथे ६० दिवस अर्धायुष्य आलं, तर १२ अंशांसाठी त्याला सुमारे २.१ ने गुणतात. उत्तर येतं १२७ दिवस, आणि रसायन १२० ची रेषा ओलांडून ‘चिवट’ होतं. आपल्याकडे उलट दिशेने जावं लागेल. दर दहा अंशांमागे वेग दोन-अडीच पट होतो असं मानलं, तर खरिपातल्या कोमट, ओल्या मातीत तेच रसायन महिन्याभरात निम्मं होईल. म्हणून कुणी म्हणतं की मराठवाड्यात कशाचीच काळजी नको, ऊन सगळं जाळून टाकतं.

हे अर्धंच खरं आहे. मातीत रसायन तोडण्याचं बहुतेक काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना ओल लागते. आपला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही मध्येच दडी मारतो. दिवाळीनंतर कोरडवाहू रानाची वरची ढेकळं सुकतात आणि मृगापर्यंत सुकलेलीच राहतात. मे महिन्यात पारा बेचाळिशीत असतो, पण कोरड्या मातीत सूक्ष्मजीव निपचित पडलेले असतात. बारा महिन्यांचा वेग सांगताना पावसाळ्यातला आकडा घेतला, तर फसगत होते. बागायती उसाच्या रानात गोष्ट वेगळी आणि शेजारच्या कोरडवाहू तुरीच्या रानात वेगळी, मधे एकच बांध असला तरी.

दुसरी गोष्ट चिकणमाती. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकून आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीचे कण आणि सेंद्रिय अंश रसायनाला धरून ठेवतात. धरलेलं रसायन खाली पाझरत नाही हे चांगलं, पण सूक्ष्मजीवांच्याही तावडीत लवकर सापडत नाही. आणि पहिला जोराचा पाऊस आला की पाणी मातीतून सावकाश झिरपण्याऐवजी भेगांतून थेट खाली उतरतं. पाझरणार नाही असं ज्याच्याविषयी पुस्तकात लिहिलेलं असतं, तेही अशा वेळी मातीच्या कणाला चिकटून विहिरीच्या दिशेने जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट आम्लता-अल्कता. आपल्या जमिनी आणि पाणी बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. बरीच ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं अल्कधर्मी पाण्यात लवकर तुटतात. इथे मात्र आपली जमीन आपल्या बाजूने आहे. त्याच कारणाने पंपात भरलेलं द्रावण रात्रभर ठेवलं तर सकाळी त्याचा जोर उतरलेला असतो.

तेव्हा निकषाची रेषा युरोपातली चालेल, कारण रेषा सगळ्यांना सारखीच हवी. अर्धायुष्य मात्र इथल्या मातीतलं, इथल्या ओलीतलं आणि वर्षाच्या सगळ्या ऋतूंतलं हवं. असे अभ्यास परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी व्हावेत आणि त्यांचे निष्कर्ष मराठीत शेतकऱ्याच्या हातात पडावेत, असं मला मनापासून वाटतं.

तपासणीत औषध सापडलं नाही. म्हणजे तुटलं ना?

घाई करू नका. ‘सापडलं नाही’ आणि ‘तुटलं’ यांत चार वाटा आहेत. ते हवेत उडालं असेल, वाहून नाल्याला गेलं असेल, मातीत इतकं घट्ट बसलं असेल की प्रयोगशाळेच्या द्रावकाला सुटलंच नाही, किंवा रूप बदलून दुसरं काहीतरी झालं असेल.

एंडोसल्फान घ्या. कापूस-तुरीवर वर्षानुवर्षं मारलेलं हे औषध मातीत गेल्यावर ऑक्सिडीकरणाने एंडोसल्फान सल्फेट बनतं. मूळ औषधाचा आकडा खाली येतो, अहवाल छान दिसतो, पण सल्फेट तेवढंच विषारी आणि मूळ औषधापेक्षा जास्त दिवस टिकणारं. म्हणूनच २०११ साली स्टॉकहोम करारात एंडोसल्फान आलं ते या सल्फेटसकट जमेला धरून. मूल्यांकन करताना रसायनासोबत त्याची अपत्यंही मोजायची असतात. अशुद्धीही सोडायच्या नाहीत; ‘रीच’मध्ये ०.१ टक्का एवढा अंशसुद्धा तपासात धरतात.

मातीत घट्ट बसलेल्या अवशेषांवर तज्ज्ञांत बराच वाद आहे. एक बाजू म्हणते, जे सुटत नाही ते बाधत नाही. दुसरी म्हणते, आज सुटत नाही, पण उद्या नांगरट झाली, खत पडलं, ओल बदलली की सुटेल. युरोपातली पद्धत सावध आहे: कायमचं बांधलं गेलं हे दाखवता आलं नाही, तर ते न तुटलेलंच समजा. आपल्या चिकणमातीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, म्हणून मी या सावध बाजूचा आहे.

डब्यावर ‘जैवविघटनशील’ लिहिलंय. मग तर प्रश्नच नाही?

कोणत्या चाचणीने हे ठरलं ते विचारा. एका शिबिरात एका कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलं होतं की त्यांचं द्रावण ‘२८ दिवसांत निघून जातं’. श्रोत्यांनी टाळ्याही वाजवल्या. मला त्या टाळ्या अजून बोचतात, कारण तेव्हा उठून नीट समजावून सांगायला हवं होतं आणि मी ते केलं नाही.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेल्या, ओईसीडी ३०१ नावाच्या चाचण्यांचा एक गट आहे. त्यात रसायन पाण्यात ठेवतात, थोडे सूक्ष्मजीव घालतात आणि २८ दिवस पाहतात. ऑक्सिजनचा वापर किंवा तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पूर्ण विघटन झाल्यास जेवढा व्हायला हवा त्याच्या ६० टक्क्यांवर गेला, किंवा विरघळलेला सेंद्रिय कार्बन ७० टक्के कमी झाला, तर रसायन सहज विघटन होणारं धरतात. ही चाचणी कठीण आहे. तिच्यात उत्तीर्ण होणारं रसायन चिवट नाही असं बहुधा निश्चिंतपणे म्हणता येतं. उलटं मात्र खरं नाही: अनुत्तीर्ण झालं म्हणजे चिवटच, असं होत नाही. मग पुढच्या, महागड्या चाचण्या लागतात: मातीसाठी ३०७, पाणी आणि तळगाळासाठी ३०८, वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यासाठी ३०९. आणि २८ हा चाचणीचा कालावधी आहे. शेतात रसायन संपण्याचा तो मुहूर्त नव्हे. शिवाय डब्यावरचा शब्द अनेकदा एकाच घटकाबद्दल असतो, मिश्रणातल्या बाकीच्यांबद्दल नसतो.

जैवसंचय कसा मोजतात?

पहिली पायरी अगदी सोपी आहे. एका भांड्यात पाणी आणि ऑक्टॅनॉल नावाचा तेलकट द्रव घ्या. त्यात रसायन टाका, हलवा, थांबू द्या. तेलकट थरात पाण्यापेक्षा किती पट गेलं ते मोजा. आकडे प्रचंड येतात म्हणून ते लॉगमध्ये लिहितात. लॉग ३ म्हणजे हजार पट, लॉग ५ म्हणजे लाख पट. डीडीटीचा आकडा ६.९ च्या आसपास, म्हणजे जवळपास ऐंशी लाख पट. ४.५ च्या वर गेलं की संशय घ्यायचा, असा साधारण संकेत आहे.

हा आकडा संशयापुरताच ठेवायचा. निर्णयासाठी जिवंत मासा लागतो. ओईसीडी ३०५ चाचणीत मासे ठरावीक प्रमाणाच्या पाण्यात साधारण २८ दिवस ठेवतात, मग स्वच्छ पाण्यात हलवतात आणि रसायन किती वेगाने अंगात जातं, किती वेगाने बाहेर पडतं ते मोजतात. पायरेथ्रॉइड गटातली औषधं तेलकट असतात, पण मासा त्यांना बऱ्यापैकी तोडतो. त्यामुळे प्रत्यक्ष संचय भांड्यातल्या अंदाजापेक्षा कमी निघतो. माशांना ती अतिशय विषारी आहेत, हा मुद्दा वेगळा.

नाथसागराचं उदाहरण घेऊन हिशेब मांडू; फक्त हिशेब म्हणून, तिथल्या पाण्याबद्दलचं विधान म्हणून नव्हे. लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या चाचणीत दिसणारही नाही एवढं. २००० पट संचय धरला तर माशात किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. आता मरळ लहान मासे खाते, पाणकावळा मरळीची पिल्लं खातो. प्रत्येक पायरीला भर पडत गेली तर वरच्या टोकाला काय होतं, ते अमेरिकेतल्या क्लिअर लेक सरोवराने दाखवलं. १९४९ मध्ये तिथे चिलटांसाठी डीडीडी हे डीडीटीच्या कुळातलं कीटकनाशक टाकलं, सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटं परतली म्हणून १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा टाकलं. आपल्या टिबुकलीच्या कुळातले पक्षी तिथे मरायला लागले. त्यांच्या चरबीत दशलक्षांत १६०० भाग एवढं डीडीडी सापडलं.

म्हशीच्या दुधात येतं का?

चरबीत साठणारं रसायन चरबीवाटेच बाहेर पडतं. सरकीच्या ढेपेतून, कडब्यातून, गोठ्यात मारलेल्या भुकटीतून ते जनावराच्या अंगात जातं आणि दुधाच्या फॅटमध्ये उतरतं. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात ते कमी दिसेल, तुपात जास्त. म्हणून अहवाल वाचताना ‘दर किलो दुधात’ आहे की ‘दर किलो फॅटमध्ये’ आहे, हे आधी पाहा. या एका चुकीने आकडा पंधरा-वीस पट बदलतो.

चरबीत न साठणारी चिवट रसायनं असतात का?

असतात, आणि त्यांनीच शास्त्रज्ञांना चकवलं. न चिकटणाऱ्या तव्यांच्या उद्योगात आणि आग विझवायच्या फेसात वापरलेली पीएफओए, पीएफओएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं चरबीऐवजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. पीएफओए मासा कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो, त्यामुळे माशाच्या चाचणीत ते निर्दोष ठरतं. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या प्राण्यांना ही वाट नाही. माणसाच्या रक्तात ते निम्मं व्हायला काही वर्षं लागतात. म्हणून २०१३ मध्ये युरोपात पीएफओएला पीबीटी ठरवताना नुसता माशाचा आकडा पाहिला नाही. माणसाच्या रक्तातला, सस्तन प्राण्यांतला, अन्नसाखळीतला सगळा पुरावा एकत्र तोलला.

०.०१ मिलिग्रॅम हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही.

आपल्याला टँकर माहीत आहे, त्यातूनच समजून घेऊ. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये या प्रमाणाने रसायनाचा एकदशांश ग्रॅम बसतो. चिमटीत धरला तर जाणवणारही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत गाडी पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. त्या अख्ख्या गाडीत पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. एवढ्यानेही जलचरांवर दीर्घकाळात परिणाम होत असेल, तर ते रसायन विषारी. यासाठी पाण्यातल्या डॅफ्निया या बारीक जिवाची २१ दिवसांची प्रजनन चाचणी, शेवाळाची ७२ तासांची वाढ आणि माशाच्या अंड्यापासून पिल्लांपर्यंतची चाचणी पाहतात. एका दिवसात किती मासे मेले, हा आकडा इथे पुरेसा नसतो.

तीनपैकी दोनच गुण असतील तर रसायन सुटलं का?

पीबीटीच्या यादीतून सुटलं, काळजीतून नाही. मका, ज्वारी, उसातलं अॅट्राझिन तणनाशक घ्या. ते पाण्यात विरघळतं, चरबीत फारसं साठत नाही, म्हणून संचयाच्या निकषात बसत नाही. पण भूजलात उतरलं की तिथे ना ऊन, ना फारसे सूक्ष्मजीव, ते रेंगाळतं. ज्या भागात बोअरच्या पाण्यावर गावं जगतात, तिथे हा गुण संचयाइतकाच गंभीर आहे. युरोपने २०२३ मध्ये ‘चिवट, वाहता आणि विषारी’ असा वेगळा धोक्याचा वर्गच केला. मराठवाड्यासाठी मला तो पीबीटीपेक्षाही जवळचा वाटतो.

दुसरं टोक डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचं. जनावराच्या अंगातून ते लवकर जातं, पीबीटी नाही. तरीही इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. देशातली गिधाडं एवढ्या एका औषधाने जवळपास संपली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. पीबीटीची चाळणी सगळे खडे पकडत नाही, हे मान्य करूनच ती वापरायची.

शिसं, पारा, आर्सेनिक यांचं काय?

मूलद्रव्य तुटतच नाही, त्यामुळे अर्धायुष्याचा निकष त्याला लावण्यात अर्थ नाही. पीबीटीचे निकष सेंद्रिय रसायनांसाठी आहेत. कार्बनला जोडलेले धातू मात्र त्यात येतात. जपानमधल्या मिनामाटात माशांवाटे माणसांपर्यंत पोहोचलेला मिथिल पारा हा त्याचा सर्वांत वेदनादायक दाखला. तो आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला.

एखाद्या रसायनाची प्राथमिक तपासणी मी स्वतः करू शकतो का?

नक्की करू शकता. अकरावी-बारावीच्या मुलांनी केलेली मी पाहिली आहे.

बाटलीवरचं व्यापारी नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात असलेलं तांत्रिक नाव टिपा. एकाच घटकाची बाजारात कितीतरी नावं असतात. त्या नावावरून त्याचा सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, शोधा, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. मग इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठाचा कीटकनाशकांचा माहितीसंच उघडा. तिथे मातीतलं अर्धायुष्य, लॉग आकडा, माशातला संचय आणि दीर्घकालीन विषारीपणा एका पानावर मिळतो. कीटकनाशक नसेल, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ‘एपी स्वीट’ (EPI Suite) ही मोफत प्रणाली रेणूच्या रचनेवरून अंदाज देते.

आकडे मिळाल्यावर प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: मोजलेला की अंदाजी, किती तापमानाला, प्रयोगशाळेतला की शेतातला. शेतातला असेल तर त्यात उडून आणि वाहून गेलेलंही धरलेलं असतं, म्हणून तो आकडा बहुधा जास्त आशादायक दिसतो. पाच अभ्यासांचे पाच आकडे आले तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. सर्वांत मोठा आकडा कोणत्या मातीत आला ते पाहा. कदाचित तीच माती तुमच्यासारखी असेल.

नमुना पाठवणार असाल तर गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवा. तेलकट रसायनं प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो.

माहितीच उपलब्ध नसेल तर रसायन निर्दोष समजायचं का?

अजिबात नाही. ‘पुरावा नाही’ असं लिहिलेलं वाचलं की विचारा: शोधून मिळाला नाही, की शोधलाच नाही? चांगल्या मूल्यांकनात तीन निकाल असतात: पीबीटी आहे, नाही, आणि ठरवता येत नाही. तिसरा निकाल आला तर चाचणी करण्याची जबाबदारी रसायन विकणाऱ्याची असायला हवी. आपल्या विहिरी म्हणजे त्याची प्रयोगशाळा नव्हे.

भारतात यासंबंधी काय आहे?

कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे होते. स्टॉकहोम कराराला भारताने जानेवारी २००६ मध्ये मान्यता दिली. त्या कराराचं विभागीय केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत आहे. बीएचसी या कीटकनाशकावर १९९७ मध्ये बंदी आली, त्याच्याच कुळातल्या लिंडेनचा वापर २०१३ मध्ये बंद झाला. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्येच थांबवला गेला, पण डास-माश्यांवरच्या सरकारी मोहिमांसाठी तो मोकळा ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान मे २०११ मध्ये थांबवलं. २०१८ च्या नियमांनी आणखी सात चिवट प्रदूषकांवर बंदी घातली. मे २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉसही, काही अपवाद ठेवून, स्टॉकहोमच्या यादीत गेलं. वाळवीसाठी घराच्या पायात ओतलं जाणारं तेच हे औषध.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय? दूध बंद करावं का?

बंद करू नका. हा प्रश्न एका ताईंनी सगळे गेल्यावर, हळू आवाजात विचारला होता. आईच्या दुधात चरबी असते, त्यामुळे चिवट रसायनांचा अंश त्यातही येऊ शकतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्याने बाळाला मिळणारं संरक्षण फार मोठं आहे. काळजी घ्यायची ती घरातल्यांनी. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी-धान्य भरू नका, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणीच्या रानात पाठवू नका.

वाड्याच्या माळवदावर जुन्या पांढऱ्या पावडरची पुडकी सापडली. काय करू?

माझ्या आजोळी अंबड तालुक्यात ज्वारीच्या कणगीत बीएचसीची भुकटी टाकायचे. तो कुबट वास मला अजून आठवतो, आणि तशी पुडकी आजही जुन्या घरांत निघतात. ती जाळू नका: क्लोरीन असलेली रसायनं चुलीच्या किंवा उकिरड्याच्या आगीत जळताना त्यातून डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होऊ शकतात. पुरू नका, आडात टाकू नका, मुंग्यांसाठी उंबऱ्यावर पसरू नका. हातमोजे आणि नाकावर ओला रुमाल बांधून पुडकं जसंच्या तसं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर ‘विष’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि डबा धान्य व जनावरांपासून लांब, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी कुलपात ठेवा. सांडलेली भुकटी झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच डब्यात टाका. मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. अर्जात अंदाजे वजन लिहा, पुडक्याचा फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.